पहिल्या रांगेतली टकटक

आदरणीय वन्संना,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात आता वाकवत नाही, पण कागदावर कंबर दुखत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलं आणि तुम्ही डॉक्टरांनाच दारापर्यंत चालायला लावलंत, असं भाच्याकडून कळलं. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता की आठवण झाली की घेता? जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसणाऱ्या मेट्रनबाईंना हे विचारावं लागतं, म्हणजे कमाल आहे. इकडे सर्व ठीक. तुमचे बंधू बरे आहेत. वजन वाढलं आहे. (ह्यांच्या कार्यालयातून निघणाऱ्या पत्रकांत जगात देशाचं वजन वाढल्याचं लिहिलेलं असतं. मी फक्त न्हाणीघरातला काटा बघते.) माझी प्रकृती उत्तम आहे. शाळेत रोज जाते. निदान हे पत्र लिहीपर्यंत तरी जाते.

पत्राला कारण तुमचा परवाचा फोन. तुम्ही बोललात, मी ऐकलं, मग तुम्ही आणखी बोललात आणि फोन ठेवलात. मधे मला एकदा 'हो' म्हणायला जागा मिळाली, तेवढी मी वापरली. तुमचं म्हणणं असं की घरातलं घरात ठेवायचं असतं, आणि मी सगळ्या देशादेखत ह्यांना गप्प केलं. गप्प केलं नाही, वन्सं. ह्यांना गप्प करणं सोपं आहे. समोर गरम बटाटे ठेवले की झालं. मी बोलतं केलं, आणि राग सगळ्यांना त्याचा आला. मात्र फोन ठेवता ठेवता तुम्ही 'पण त्या गाद्या आल्या का?' असंही विचारलंत. तेवढ्या एका प्रश्नावर भिस्त ठेवून मी ही सगळी हकीकत मुळापासून लिहायला बसले आहे. आणि मुळापासून लिहायचं तर सुरुवात तुमच्यापासूनच करावी लागेल, त्याला माझा इलाज नाही.

आपण दोघी वसतिगृहात शेजारच्या खोल्यांत राहत होतो तेव्हाचं आठवा. तुमची रात्रपाळी संपायची आणि माझी सकाळची शाळा सुरू व्हायची, एकच इस्त्री आपण दोघी आळीपाळीने वापरायचो. (तेव्हा मी तुम्हाला बिनदिक्कत अगं-तुगं करत होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच बजावलंत की आता नातं बदललं, अहो म्हणायचं. तेव्हापासून म्हणते आहे.) एका संध्याकाळी तुम्ही धाकट्या भावाला दंडाला धरून माझ्या दारात उभं केलंत आणि म्हणालात, 'हा वकील झालाय. हा बोलायला लागला की न्यायाधीश डुलक्या काढतात. ह्याचं तोंड दुरुस्त करून दे.' मी ह्यांना टेबलापलीकडे बसवलं आणि म्हटलं, बोला. हे 'सदर प्रकरणाच्या अनुषंगाने उपलब्ध परिस्थितीचा साकल्याने विचार करता' असं काहीतरी म्हणू लागले, आणि मी वर्गात करते तेच केलं. पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर दोनदा आपटलं.

ही टकटक माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला माहीत असते. दर शनिवारी एकेकाने उभं राहून, हातात कागद न घेता, स्वतःला माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीवर बोलायचं. टकटक झाली की थांबायचं. तिचा अर्थ एवढाच, की आत्ता जे म्हणालास ते तुला स्वतःलाच कळलेलं नाही, किंवा कळलं आहे आणि तू ते झाकतो आहेस. तर आता तेच साध्या शब्दांत सांग. रागवायचं नाही, हसायचं नाही, मार्क कापायचे नाहीत. पोरं आधी बिचकतात, मग त्यांना चटक लागते, मग घरी जाऊन आईबापांवर प्रयोग करतात आणि पालक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. तर ह्यांनी टकटक ऐकली, डोळे मोठे केले आणि म्हणाले, 'म्हणजे, माझ्या अशिलाच्या भिंतीत शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी मुरतंय.' मी म्हटलं, मग कोर्टात हेच सांगा. खटला जिंकले. पुढे लग्न झालं, निवडणुका झाल्या, मंत्रिपद आलं, पण प्रत्येक भाषण आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी व्हायचं, मी भाजी चिरत असायची आणि पेन्सिल कानामागे. लोक म्हणायचे, हा माणूस सरळ बोलतो. सरळ कसला, सरळ केलेला.

हे देशाचे प्रमुख झाले आणि ते टेबल सुटलं. आता आम्ही राहतो तो बंगला तुम्ही पाहिलेला आहे, पण पाहुणीला दाखवतात तेवढाच. प्रत्येक खुर्चीच्या पोटाखाली पत्र्याचा क्रमांक ठोकलेला आहे, आणि खुर्ची जरा खिडकीकडे ओढली की एक माणूस येऊन ती पुन्हा होती तिथे ठेवतो. स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं की आचारी, मदतनीस आणि भांडी घासणारी बाई असे तिघं हातातलं काम टाकून भिंतीला लागून उभे राहतात, आणि मी बाहेर जाईपर्यंत दूध उतू जातं. म्हणून मी जात नाही. जेवणाचं टेबल एवढं लांब आहे की ह्या टोकाला केलेली टकटक त्या टोकाला पोचेपर्यंत जेवण आटपतं. आणि भाषणं आता घरात जन्मालाच येत नाहीत. ती 'इस्त्री'कडून येतात.

इस्त्री म्हणजे ह्यांचे मुख्य सल्लागार. हे नाव मी ठेवलं, पण आता बंगल्यातला माळीसुद्धा तेच वापरतो. माणूस इतका कडक घडीचा, की बसताना कुठे मोडेल अशी भीती वाटते. कुठलाही मजकूर त्याच्याकडे गेला की तो त्यावर थोडं पाणी शिंपडतो, इकडून तिकडून गरम हात फिरवतो, आणि परत येतो तेव्हा त्यात एक सुरकुती नसते. सुरकुतीबरोबर अर्थही गेलेला असतो, पण मजकूर पांढरा शुभ्र दिसतो. 'रस्ते खराब आहेत' हे वाक्य त्याच्याकडे गेलं की 'वाहतूक-अनुभवाच्या फेरबांधणीस वाव आहे' होऊन येतं. हे पूर्वी असल्या वाक्यांवर माझ्यासमोर एक मिनिट टिकले नसते. आता ह्यांच्यासमोर मी नसते, इस्त्री असतो. राष्ट्राच्या ह्या सर्वोच्च पदावर बसलेला माणूस त्या माणसाला इतका टरकून असतो की त्याने खाकरलं की हे चष्मा पुसायला लागतात.

तेव्हा माझ्याकडे उरली ती शाळा, आणि शाळेत नववीचा वर्ग. तीही पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. मुख्याध्यापिका पूर्वी हजेरीपट उशिरा दिला की सगळ्यांसमोर मला फाडून खायच्या. आता मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की त्याच उठून उभ्या राहतात. मी एकदा त्यांना म्हटलं, अहो, निदान आठवड्यातून एकदा तरी मला ओरडत जा, चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मी ज्या वाटेने वर्गात जाते तेवढ्याच भिंतीला रंग दिला आहे. माझा काळा फळा काढून तिथे एक चकचकीत पांढरा फळा लावला, त्याच्यावर खडू उमटत नाही, आणि त्याला लागणाऱ्या खास लेखण्या अजून यायच्या आहेत. (ह्या देशात जे येतं त्याच्याबरोबर लागणारी वस्तू नेहमीच अजून यायची असते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) एका मुलीला मी निबंधात नापास केलं, तर तिचे वडील येऊन माझे आभार मानून गेले. म्हणाले, तुमच्या हातून नापास होणं हेसुद्धा भाग्य. मी त्यांना तिची वही दाखवत होते, ते माझ्याबरोबर फोटो काढत होते.

शिवाय मागच्या बाकावर माझा सुरक्षारक्षक बसतो. धिप्पाड माणूस, नववीच्या बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून तिरका बसतो. पोरांनी आठवडाभर त्याला घाबरून घेतलं, मग एका शनिवारी एकजण म्हणाला, बाई, वर्गात बसतात तर त्यांनीही बोलायला पाहिजे. न्यायाने बरोबर होतं. त्याला उभं केलं. तो म्हणाला, 'माझ्यावर अत्यंत संवेदनशील स्वरूपाची जबाबदारी आहे.' टकटक. तो थांबला, पोरांकडे बघितलं आणि म्हणाला, 'म्हणजे, बाई फळ्याकडे वळल्या की मला झोप येते.' सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि तेव्हापासून तो वर्गातला झाला. वन्सं, देशात आता अशी ही एकच खोली मला माहीत आहे जिथे टकटक झाली की माणूस थांबतो. बाकी सगळीकडे टाळ्या होतात.

आता रुग्णालयाच्या त्या उद्घाटनाकडे येते. मला समारंभांना नेत नाहीत, कारण मी कंटाळलेली दिसते. (दिसते म्हणजे असते.) पण इस्त्रीच्या मते ह्यांच्या शेजारी कुटुंब दिसलं की आरोग्याचा विषय जास्त उबदार वाटतो, म्हणून त्या दिवशी मला गाडीत घातलं. मी निघताना नववीचे निबंध बरोबर घेतले. विषय दिला होता 'आमच्या घरातलं बंद पडलेलं यंत्र', आणि पोरांनी मनापासून लिहिलं होतं. कार्यक्रमाआधी आम्हाला इमारत दाखवायला नेलं. पायऱ्या, पाट्या, पितळी नळ, सगळं लखलखत होतं. एका वॉर्डात चादरी इतक्या ताणून बसवल्या होत्या, कोपरे इतके नेमके दुमडलेले, की मला तुमची आठवण आली आणि मी कौतुकाने एका खाटेवर हात ठेवला. हाताला लोखंड लागलं. चादरीखाली गादी नव्हती, पत्रा होता. दुसऱ्या खाटेवर ठेवला, तिथेही पत्रा. मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, 'अहो, गाद्या नाहीत.' हे पुढे बघत ओठ न हलवता म्हणाले, 'माहीत आहे. डॉक्टरही नाहीत.' आणि मग ह्यांना मंचावर नेलं आणि मला पहिल्या रांगेत, लाकडी हातांच्या एका खुर्चीत बसवलं.

भाषण इस्त्रीचं होतं. मी पहिल्या परिच्छेदातच निबंध काढले. एका मुलीने त्यांच्या बंद पडलेल्या पंपाबद्दल लिहिलं होतं की, बाबा रोज म्हणतात उद्या माणूस येईल, म्हणून आईने उद्याची वाट बघायचं सोडलं आणि बादल्या घेतल्या. मी त्या वाक्याखाली रेघ मारत होते तेव्हा वर मंचावर हे म्हणाले, 'सर्व सोयींनी सुसज्ज असं हे रुग्णालय आज आपल्या सेवेत रुजू होत आहे.' टाळ्या झाल्या. मी मान वर केली. हे पाणी प्यायले, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा सावकाश. (मोठे नेते टाळ्यांसाठी असं करतात म्हणे. ह्यांना ही खोड नवीनच.) दुसऱ्या वेळी लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. सभागृहात एक स्वच्छ शांतता झाली, आणि त्या शांततेत माझ्या हातातली पेन्सिल खुर्चीच्या हातावर दोनदा वाजली. नकळत. इतक्या वर्षांची सवय. हात माझा होता, पण मी त्याला तसं काही सांगितलेलं नव्हतं.

हे थांबले. चष्मा काढला, कागद उलटा करून ठेवला आणि अगदी आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाले, 'म्हणजे, इमारत झाली आहे. डॉक्टर नेमलेले नाहीत. खाटा आहेत, गाद्या यायच्या आहेत, तोवर चादरी पत्र्यावर घातल्या आहेत. मला फीत कापायला सांगितलं आहे ती मी कापतो, कारण कात्री आलेली आहे. पण सध्या कोणी आजारी पडलात तर जुन्याच रुग्णालयात जा.' आणि खरंच खाली येऊन फीत कापली. मग मागे कुठेतरी एक म्हातारी खुदकन हसली, आणि त्यानंतर ज्या टाळ्या झाल्या तशा मी ह्यांच्या पहिल्या निवडणुकीनंतर ऐकल्या नव्हत्या. आरोग्यमंत्री बुटांकडे बघत होते. आणि इस्त्री, वन्सं, इस्त्री चुरगळला. मी डोळ्यांनी पाहिलं. कॉलरपासून सुरुवात झाली.

शनिवारी वर्गात गेले तर पोरं टपूनच बसली होती. पंपवाली मुलगी बोलायला उभी राहिली आणि बोलण्याऐवजी म्हणाली, 'बाई, तुम्ही ती टकटक मुद्दाम केलीत का?' मी म्हटलं, ती एक प्रतिक्षिप्त स्वरूपाची क्रिया होती. तर सगळ्या वर्गाने आपापल्या पेन्सिली उचलून बाकांवर टकटक केली. मागच्या बाकावरून पण आली. मी काही उत्तर देणार तेवढ्यात घंटा झाली. (घंटेला तसा अवकाश होता. शिपाई माझ्या डोळ्यांच्या धाकात आहे.)

घरी मला दोन दिवस कोणी चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र इस्त्री स्वतः आला, नवीन घडीचा, आणि बरोबर चहासुद्धा घेऊन आला. लोकांचा कौल घेतला होता म्हणे, आणि ह्यांची लोकप्रियता त्या एका टकटकीने कधी नव्हे इतकी वर गेली होती. मला वाटलं, आता हा माणूस आभार मानून जाईल. त्याने पुढच्या भाषणांचे मसुदे काढले. जागोजाग समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'येथे मॅडम टकटक करतील (उत्स्फूर्त).' 'मॅडम, लोकांना हे फार भावलंय,' तो म्हणाला. मी म्हटलं, लोकांना गाद्या भावल्यात. 'तेच ते,' तो म्हणाला, आणि पुढचा कागद काढला. टकटकीनंतर ह्यांनी काय कबूल करायचं तेही ठरलेलं होतं. एका ठिकाणी हे कबूल करणार की आपण फार काम करतो. दुसऱ्या ठिकाणी कबूल करणार की देशाच्या काळजीने आपल्याला झोप लागत नाही. (वन्सं, तुम्ही ह्यांना झोपलेलं पाहिलं आहे. भूकंप झाला तर सकाळी वर्तमानपत्रातून कळेल.) माझ्या खुर्चीच्या हाताखाली ध्वनिक्षेपक बसवायचा होता आणि मला एक काळी, गुळगुळीत, खास बनवून घेतलेली पेन्सिल मिळणार होती, तिला लिहायचं टोकच नव्हतं. मी त्याला सांगितलं, टकटक आधी ठरली तर ती टकटक राहत नाही, ठेका होतो. आणि ठेका धरायला तुमच्याकडे माणसं भरपूर आहेत. तो फार गोड हसला. मी शिक्षिका आहे, मला गोड हसणाऱ्या मुलांची धास्ती वाटते.

आठवड्याच्या आत हुकूम आला. माझी 'राष्ट्रीय भाषा गौरव मंडळा'च्या मानद अध्यक्षपदी नेमणूक झाली आहे. मी जाऊन खोली बघून आले. पायाखाली घोट्यापर्यंत गालिचा, टेबलावर जाड मखमल. मी मुद्दाम पेन्सिल आपटून बघितली, आवाजच येत नाही. काम विचारलं तर मंडळाचे सचिव म्हणाले की मॅडमनी फक्त भाषेचा गौरव करायचा आहे. आणि येत्या सोमवारपासून नववीच्या वर्गावर दुसरी शिक्षिका. त्या हुकुमाखाली सही तुमच्या बंधूंची आहे.

मी सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मुद्दाम त्या लांबलचक टेबलाचं टोक सोडून ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. पाठीमागे इस्त्री दिवसाचे कागद घेऊन उभा होता. मी म्हटलं, ही सही तुम्ही का केलीत? हे म्हणाले, 'व्यापक हिताच्या दृष्टीने तुझ्या प्रदीर्घ अनुभवाचा विनियोग अधिक उंचीवरून होणं...' मी बशीशेजारी टकटक केली. चांगली ऐकू येईल अशी केली. हे थांबले नाहीत. '...ही काळाची गरज आहे' इथपर्यंत वाक्य ओढत नेलं, तोंड पुसलं आणि बैठकीला निघून गेले.

वन्सं, आमच्या संसारात भांडणं झाली, अबोले झाले, एकदा तर मी बॅग भरून तुमच्याकडे आले होते आणि तुम्ही मला जेवू घालून परत पाठवलंत. पण टकटक झाली आणि हे थांबले नाहीत, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. मी पेन्सिल उलटसुलट करून बघितली, फुटली आहे की काय म्हणून. धड होती.

असो. हे सगळं तुम्हाला केवळ खरं काय ते माहीत असावं म्हणून लिहिलं. मला तुमच्याकडून काही नको आहे. मानाचं पद आहे, खोलीला खिडक्या चांगल्या आहेत, आणि ह्या वयात पोरांच्या मागे घसा फोडण्यापेक्षा भाषेचा गौरव करणं प्रकृतीला बरं, असं सगळेच म्हणतात. भाच्याला आणि सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा, आणि गोळी चुकवू नका. चुकवलीत तर भाचा मला कळवणार आहे.

तुमची आज्ञाधारक
(पण फोनवर बोलायला संधी न मिळालेली)
वहिनी

ता. क. तुम्ही गाद्यांचं विचारलं होतंत. गाद्या आल्या. टकटकीच्या दुसऱ्याच दिवशी ट्रक भरून आल्या, म्हणजे कुठेतरी पडून होत्याच. डॉक्टर ट्रकने येत नाहीत, त्यामुळे ते अजून यायचे आहेत.

आणखी एक ता. क. मला काही नको असं वर लिहिलं आहे, ते तसंच असू द्या. पण तुम्ही सहज म्हणून रविवारी ह्यांना एक फोन केलात आणि तो हुकूम मागे घ्यायला सांगितलंत तर बरं होईल. हे मंत्र्यांचं ऐकत नाहीत, माझं आता ऐकत नाहीत, तुमच्यापुढे मात्र अजून उभे राहून बोलतात. मी हे माझ्यासाठी मागत नाही. नववीची परीक्षा तोंडावर आली आहे, मधेच शिक्षिका बदलली तर मुलांचं फार नुकसान होईल, एवढीच चिंता आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हे दुपारचे लवकर घरी आले. एकटेच होते. कोणाला पत्र, म्हणून विचारलं. तुमच्या बहिणीला, म्हटलं. ऐकव, म्हणाले. मी उभी राहून सगळं वाचून दाखवलं, ह्यांच्या सहीपर्यंत, चहापर्यंत, सगळं. हे माझीच पेन्सिल हातात घेऊन खाली बघत ऐकत होते. सबंध पत्रात दोन ठिकाणी ह्यांनी टकटक केली. नियम मी केलेला आहे, तेव्हा ती दोन वाक्यं परत लिहून देते.

एक ठिकाण 'मुलांचं फार नुकसान होईल' इथे. म्हणजे, मुलांचं काही नुकसान होणार नाही. नवी मुलगी हुशार आहे, माझीच विद्यार्थिनी आहे, पेन्सिल बरोबर वापरते. नुकसान माझं होईल. बंगल्यात मी कोणाची तरी बायको आहे आणि मंडळात गालिच्यावर ठेवलेली कुंडी असेन. वर्गात मी बाई आहे. मला ते सोडायचं नाही.

दुसरं ठिकाण 'नकळत' इथे. तिथे ह्यांनी दोनदा केली. म्हणजे, नकळत नव्हे, वन्सं. मुद्दाम केली. पत्र्यावर हात ठेवला तेव्हाच ठरलं होतं, फक्त जागा मिळायची होती. हे मी मोठ्याने म्हटल्यावर ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, 'मग मी ते वाक्य दोनदा कशाला म्हटलं? पहिल्या वेळी तू वह्यांत डोकं घालून बसली होतीस.'

मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने विचारलं, मग परवा चहाला थांबला का नाहीत? हे म्हणाले, 'प्रशासकीय शिस्तीचा भाग म्हणून काही प्रसंगी...' मी टकटक केली. 'इस्त्री मागे उभा होता,' हे म्हणाले. मग हुकमाचं काय? 'त्याबाबत योग्य स्तरावर...' टकटक. 'सोमवारी वर्गावर जा. हुकूम मी फाडतो.' आणि इस्त्रीला कोण सांगणार? इथे ह्यांनी चष्मा पुसला, आणि मी पेन्सिल उचलायच्या आत स्वतःच म्हणाले, 'मला भीती वाटते त्याची. ताईला सांग ना.'

तेव्हा रविवारचा फोन ह्यांना नको, इस्त्रीला कर. क्रमांक पाकिटाच्या आत लिहिला आहे. तो फार गोड बोलेल, बोलू दे. पेन्सिल तेवढी हाताशी ठेव.